उलटी तिरकी रेघ आणि मराठी संहिता

संहिता रचणे आणि संहिता पानावर बसवणे ह्या दोन वेगळ्या क्रिया आहेत, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाला एके काळी सांगावी लागत नसे. हस्तलिखित मुद्रणालयात जाई. तेथे जुळारी खणांतून एकेक खिळा उचलून ओळ बांधी. मुद्रिते निघत, आणि मुद्रितशोधक समासात खुणा करून ती परत धाडी. लेखक ह्या साखळीच्या एका टोकाशी असे, छापील पान दुसऱ्या टोकाशी. संगणकावरील शब्दसंपादकांनी ही सारी साखळी एका पडद्यात गुंडाळली. जे दिसते तेच छापले जाते, हे त्यांचे अभिवचन. आणि ते त्यांनी बव्हंशी पाळलेही. मात्र ह्या सोयीपायी एक प्रश्न विचारायचाच राहून गेला. प्रबंधातील एखादी ओळ ठळक ठशात आणि पानाच्या मध्यभागी आहे. ती उपशीर्षक आहे, अवतरण आहे, की लिहिणाऱ्याला ती नुसतीच आवडली आहे? पडद्याला हे ठाऊक नसते. पुष्कळदा लिहिणाऱ्यालाही नसते.

हा राहून गेलेला प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारणारे एक साधन गणित आणि पदार्थविज्ञान ह्या शाखांत केव्हाच रुळले आहे. मराठीच्या अभ्यासकांत त्याचा प्रवेश अजून चाचपडत होतो आहे. ओव्हरलीफ हे त्याचे नाव. ब्राउझरच्या खिडकीत चालणारा, आणि अनेकांना एकाच वेळी एकाच संहितेवर काम करू देणारा हा अक्षरजुळणीचा संपादक होय. २०१२ मध्ये जॉन हॅमर्सली आणि जॉन लीस-मिलर ह्या दोघांनी तो ‘राइटलाटेक’ ह्या नावाने सुरू केला. चालकरहित वाहनांवर संशोधन करीत असताना त्यांना एकत्र लिहिण्यासाठी सोयीची जागा हवी होती. २०१७ मध्ये ‘शेअरलाटेक’ हा त्याच जातीचा दुसरा उपक्रम त्याला येऊन मिळाला. ओव्हरलीफ ह्या शब्दाचा अर्थ ‘पानाच्या मागील बाजूस’. पानाच्या तळाशी ‘कृपया मागे पाहा’ असे लिहीत आलेल्या पिढ्यांना तो समजावून सांगायला नको.

सुरुवात करणे अवघड नाही. ई-मेलच्या पत्त्यावर खाते उघडावे, नवा प्रकल्प घ्यावा, त्याला नाव द्यावे. पडद्याचे दोन भाग होतात. डावीकडे मूळ संहिता, उजवीकडे तिच्यापासून घडलेले पान. डावीकडच्या मजकुरात काही शब्दांपूर्वी उलटी तिरकी रेघ असते आणि त्यांच्यामागून महिरपी कंस येतात. ह्या आज्ञा होत. येथून प्रकरण सुरू होते, हे अवतरण आहे, ही तळटीप आहे, ह्या शब्दावर जोर आहे. आज्ञा दिसण्याविषयी फारसे बोलत नाहीत, असण्याविषयी बोलतात. अवतरण समासापासून किती आत घ्यावे, तळटीपेचा ठसा किती लहान असावा, हे दर वेळी लिहिणाऱ्याने ठरवायचे नसते. ‘रिकंपाइल’ ही कळ दाबली की यंत्रणा डावीकडचे सारे वाचून उजवीकडे पान मांडते. महिरपी कंस मिटायचा राहिला तर ती तक्रार करते. परंतु चूक झाली त्या ओळीवर नव्हे, तर चुकीचा परिणाम तिला जेथे प्रथम जाणवला त्या ओळीवर ती बोट ठेवते. (समीक्षकांतही असे वाचक आढळतात.)

मराठीच्या अभ्यासकाला ह्या पहिल्या तासात जो त्रास होतो तो संगणकाचा कमी आणि आपल्याच लेखनाचे अवयव ओळखण्याचा अधिक असतो. एखादी संशोधक विद्यार्थिनी लिहून झालेले प्रकरण येथे उतरवायला घेते तेव्हा तिला आढळते की तिची उपशीर्षके तीन पातळ्यांची आहेत, पण त्यांतील दोन पातळ्या एकमेकींपासून कशाने वेगळ्या हे तिने कधी ठरवलेच नव्हते. जी अवतरणे म्हणून ठेवली होती त्यांतील काही केवळ सारांश होती. काही तळटीपा तर मूळ युक्तिवादाचाच भाग होत्या. वर लिहिण्याचा धीर झाला नाही म्हणून त्या पानाच्या तळाशी गेल्या होत्या. हे जुळणीचे शिक्षण नव्हे. ही रचनेची चिकित्सा आहे, आणि एरवी ती मार्गदर्शकाने करावी अशी अपेक्षा असते.

ह्या यंत्रणेचा उगम मुद्रणाविषयीच्या असमाधानात आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड कनूथ ह्यांच्या संगणनविषयक ग्रंथमालेतील दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ मध्ये त्यांच्यापुढे आली. आधीची आवृत्ती धातूच्या खिळ्यांवर छापलेली होती, ही नव्या फोटो-जुळणीवरची. पाने पाहून कनूथ इतके निराश झाले की पुढील खंडांचे लेखन बाजूला ठेवून त्यांनी जुळणीची भाषाच घडवायला घेतली. तिचे नाव ‘टेक्’. ग्रीक ‘तेख्ने’ ह्या शब्दाचा हा पूर्वार्ध. तेख्ने म्हणजे कला आणि कौशल्य, दोन्ही एकत्र, आणि ग्रीक काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला हा शब्द परका नाही. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी लेस्ली लॅम्पोर्ट ह्यांनी ह्या भाषेवर ‘लाटेक’ ही वापरायला सोपी आज्ञावली उभारली. असण्याविषयी बोलणाऱ्या आज्ञा ही त्यांची देणगी. ओव्हरलीफमध्ये जे लिहिले जाते ते हेच लाटेक.

टेक्‌ची एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने क्षणभर थांबून पाहावी अशी आहे. सामान्य शब्दसंपादक ओळ भरत जातो. एक भरली की दुसरी. टेक् तसे करीत नाही. कनूथ आणि मायकेल प्लास ह्यांनी १९८१ मध्ये विवरण केलेल्या पद्धतीनुसार ती संपूर्ण परिच्छेद एकदम वाचते. शब्द म्हणजे पेट्या, आणि शब्दांमधील मोकळी जागा म्हणजे ताणता-दाबता येणारा गोंद. जागा जितकी अस्वाभाविक ताणावी लागेल तितका त्या ओळीच्या नावे दोष मांडला जातो, आणि सर्व ओळींच्या दोषांची बेरीज कमीत कमी होईल अशी विभागणी निवडली जाते. परिणामी परिच्छेदाच्या अखेरीस एक शब्द बदलला तर पहिली ओळ निराळ्या ठिकाणी तुटू शकते. अवयव आणि अवयवी ह्यांच्या परस्परावलंबनाविषयी मराठी सौंदर्यशास्त्रात पुष्कळ चर्चा झाली आहे. तिला इतके रोकडे उदाहरण सहसा लाभत नाही.

तरीही ही सारी व्यवस्था ज्या गृहीतावर उभी आहे ते साहित्यसमीक्षेला सहज मान्य होण्याजोगे नाही. डावीकडे आशय, उजवीकडे रूप. आशय आधी पक्का करावा, रूप मागाहून मिळेल. रूप बदलले तरी आशयाला धक्का लागणार नाही. बा. सी. मर्ढेकरांपासूनच्या मराठी समीक्षेने आपली बरीच उमेद नेमके हे द्वैत मोडून काढण्यात खर्च केली. आशय नावाची वस्तू कलाकृतीच्या रूपाबाहेर उचलून ठेवता येत नाही, असे ती सांगत आली. आणि आता त्याच परंपरेतील अभ्यासकाला एक यंत्र सांगते की ठेवता येते, डाव्या खिडकीत. ह्यात दिसते तितकी विसंगती नाही. शोधनिबंध ही कलाकृती नव्हे, आणि ज्या शोधनिबंधाचा युक्तिवाद ठशाच्या जाडीवर अवलंबून असेल त्याच्याविषयी शंकाच घ्यावी. संशोधनपर गद्यात हे द्वैत उपकारक आहे.

अडचण येते ती निबंधात कविता उद्धृत करण्याची वेळ आल्यावर. ओवी किंवा अभंग असेल तर पद्यासाठीची ठरीव आज्ञा पुरते: चरण, चरणान्ताची खूण, कडव्यानंतर मोकळी ओळ. परंतु अरुण कोलटकरांच्या १९७६ मधील ‘जेजुरी’ ह्या इंग्रजी संग्रहात ज्वारीच्या शेतात नाचणाऱ्या कोंबड्यांची एक कविता आहे. तेथे नाच शब्दांत सांगितलेला नाही. अक्षरे पानावर वर-खाली विखुरतात आणि तोच नाच. ही कविता उतरवून घेणाऱ्याला प्रत्येक शब्दापुढे किती जागा सोडायची हे मोजून लिहावे लागते. असण्याची आज्ञा आणि दिसण्याची आज्ञा तेथे एक होतात. यंत्रणा ह्या ठिकाणी हरते असे नव्हे. तिला हे सारे करता येते. मात्र ते करताना स्वतःचे तत्त्व सोडावे लागते, आणि ते सोडल्याची खूण डाव्या खिडकीत आज्ञांच्या दाटीच्या रूपाने उरते. एखाद्या कवितेचे रूप तिच्या शब्दांपासून किती वेगळे काढता येते ह्याचे एक ओबडधोबड मोजमाप म्हणून ही दाटी वाचायला हरकत नसावी.

ह्या तात्त्विक अडचणीपर्यंत पोचण्याआधीच पुष्कळ मराठी नवखे परत फिरतात, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. नवा प्रकल्प उघडून अभ्यासक पहिले वाक्य देवनागरीत लिहितो, कळ दाबतो, आणि उजवीकडच्या पानावर त्याच्या वाक्यातील एकही अक्षर उतरत नाही. तक्रारींची यादी मात्र लांबलचक असते: अमुक वर्णचिन्हाची तजवीज केलेली नाही, तमुक वर्णचिन्हाची तजवीज केलेली नाही. त्याच पानावर इंग्रजी वाक्य बिनतक्रार उमटते. आपले काही चुकले असे अभ्यासकाला वाटते. त्याचे काही चुकलेले नसते. ‘पीडीएफलाटेक’ ही नेहमीची जुळणी-यंत्रणा रोमन लिपीच्या घरात वाढलेली आहे. नेदरलंड्समधील फ्रान्स वेल्थुइस ह्यांनी १९९१ मध्ये टेक्‌साठी देवनागरीची सोय केली, पण तिच्यात लिहिणाऱ्याने आपली भाषा रोमन अक्षरांत लिहायची, एका वेगळ्या आज्ञावलीकडून तिचे रूपांतर करवून घ्यायचे आणि मगच पान काढायचे, असा द्राविडी प्राणायाम होता. जोनाथन क्यू ह्यांनी २००४ मध्ये ‘झीटेक’ ही युनिकोडमधील मजकूर थेट वाचणारी यंत्रणा सिद्ध केली तेव्हा तो संपला. ओव्हरलीफच्या मांडणीत यंत्रणांची सूची आहे. तीत पीडीएफलाटेकऐवजी झीटेकवर चालणारे ‘झीलाटेक’ निवडायचे, एवढेच. ही एक गोष्ट कोणी वेळेवर सांगितली तर कित्येक संध्याकाळी वाचतील.

एवढ्याने मात्र भागत नाही. टंक सांगावा लागतो, आणि टंकाबरोबर लिपी सांगावी लागते. लिपी सांगायची राहिली तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता नंतर जाऊन उभी राहते. लिपीनंतर भाषा. नुसते देवनागरी म्हटल्यास अनेक टंक हिंदी वळणाचा दंडयुक्त ‘ल’ देतात; मराठी असे स्पष्ट म्हटल्यावर, टंकात तशी सोय असल्यास, पाकळीचा ‘ल’ मिळतो. ‘श’चेही तसेच. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विद्वत्तापूर्ण लेखनासाठी सिद्ध झालेला ‘शोभिका’ हा टंक सुरुवातीला चांगला. त्यावर पहिली परीक्षा घ्यायची असेल तर ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून पाहावेत. पंडित आणि स्वयंपाकी ह्यांतील भेद ज्या टंकाला दाखवता येत नाही त्यावर मराठी प्रबंध बसवू नये. पानांचे आणि टीपांचे आकडे देवनागरीत हवेत, तर तेही निराळे सांगावे लागते.

सारांश, मराठीत लिहिणाऱ्याला पानाच्या माथ्यावर आपली लिपी कोणती, भाषा कोणती, आकडे कोणते हे जाहीर करून मगच पहिले वाक्य लिहिता येते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला असे काही जाहीर करावे लागत नाही. त्याची भाषा गृहीत धरलेली असते. केंद्र आणि परीघ ह्यांविषयी ज्यांनी पानेच्या पाने वाचली आहेत त्यांना त्यांचा अर्थ ह्या चार-पाच ओळी लिहिताना बोटांना कळेल.

परंतु ह्यावरून तक्रारीचा सूर लावण्याआधी मराठी संगणकीय लेखनाचा मागील अनुभव आठवावा. १९९०च्या दशकात मराठी मजकूर त्या त्या टंकसंचाच्या खाजगी संकेतात बांधलेला असे. टंक असेतो मजकूर. टंक नाहीसा झाला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ. त्या काळातील प्रबंधांच्या, अंकांच्या कितीतरी धारिका आज अस्तित्वात असूनही वाचता येत नाहीत. डाव्या खिडकीतली संहिता मात्र साधा युनिकोड मजकूर आहे. ओव्हरलीफ हा एका परदेशी कंपनीचा व्यवसाय आहे, त्याच्या विनामूल्य खात्याला मर्यादा आहेत, आणि कंपन्यांच्या अटी बदलत असतात. म्हणून प्रकल्प दर महिन्याला उतरवून आपल्याकडे ठेवावा हे उत्तम. एकदा उतरवला की तो घरच्या संगणकावर, कोणाच्या परवानगीवाचून, विनामूल्य चालतो. खुद्द टेक्‌चा आवृत्तिक्रमांक प्रत्येक दुरुस्तीनंतर एकेका अंकाने वाढत वर्तुळाच्या ‘पाय’ ह्या स्थिरांकाकडे सरकत जातो, आणि आपल्या मृत्यूनंतर तो तेथेच कायमचा थांबवावा, राहिलेल्या चुकांना तिचे गुणधर्म समजावे, अशी कनूथ ह्यांनी इच्छा व्यक्त करून ठेवली आहे. मराठीत एखाद्या साधनाने टिकण्याचे वचन इतक्या गंभीरपणे दिल्याचे उदाहरण नाही.

आता सामायिकतेविषयी. मराठी विभागांतील रीत अशी की विद्यार्थिनीने प्रकरण छापून सरांच्या टेबलावर ठेवावे आणि काही आठवड्यांनी ते लाल शाईत परत यावे. ह्या दोन क्षणांमध्ये प्रत्येकाला स्वतःचे एकांत असे. सामायिक संपादकात तो एकांत राहत नाही. ती दुवा पाठवते, सर तो उघडतात, आणि तिच्या वाक्यात दुसरा कर्सर, वेगळ्या रंगाचा, त्यांचे नाव घेऊन हलू लागतो. शब्द तिच्या डोळ्यांदेखत पुसला जातो. काहींना हे असह्य होते, आणि त्यांनी प्रकरण पुरे होईपर्यंत दुवा पाठवू नये. पण समासातील टिप्पणीची सोय निराळेच काही घडवते. “‘प्रक्षिप्त’ म्हणू नका, ‘उत्तरकालीन’ म्हणा,” असे सर लिहितात. खाली उत्तर येते, “सर, येथे प्रक्षिप्त असेच म्हणायचे आहे, कारण पुढच्या परिच्छेदात दिले आहे.” विभागातील खोलीत, समोर उभे राहून, हे उत्तर तितक्याच सरळपणे दिले गेले असते असे वाटत नाही. टिप्पणीला आवाज नसतो, उभे राहणे-बसणे नसते. तिचा तोल वाक्याकडे झुकलेला असतो.

ह्याशिवाय इतिहासाची नोंद आहे. कोणती ओळ कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता घातली किंवा पुसली हे यंत्रणा जपून ठेवते. जुन्या नोंदी किती मागेपर्यंत पाहता येतात हे खात्याच्या प्रकारावर अवलंबून असते. लेखकाचा मृत्यू रोलाँ बार्त ह्यांनी १९६७ मध्ये जाहीर केला, आणि त्यावर मराठीतही पुरेशी शाई खर्च झाली. येथे तर एकेक स्वल्पविराम सही करून उभा आहे. संयुक्त निबंधावर नाव कोणाचे आधी, हा प्रश्न आजवर ज्येष्ठतेने सुटत आला. नोंद उघडल्यास तो अक्षरे मोजून सुटेल अशी काही तरुण अभ्यासकांची आशा दिसते. ही आशा समजण्याजोगी आहे. तिच्यामागे काही कडू अनुभवही असतात. पण ती खोटी आहे. जिन्यात जाता जाता कोणी म्हटलेल्या एका वाक्याने सबंध प्रकरणाची दिशा बदलली, तर त्या वाक्याची नोंद कोठेच नसते. आणि तीनशे जागी ‘ह्या’चे ‘या’ करणाऱ्याचा रंग प्रत्येक पानावर असतो. नोंद हाताची आहे, विचाराची नाही. वाद झाला तर ती पुरावा म्हणून उपयोगी पडेल, परंतु श्रेय कोणाचे हे दोघांनी प्रकल्प उघडण्यापूर्वी बोलून ठरवलेले असावे, आणि ते बोलणे सुरू करण्याची जबाबदारी मार्गदर्शकाची आहे, विद्यार्थिनीची नव्हे.

अनेक हातांची संहिता ही मराठीला नवी गोष्ट नाही. ज्ञानेश्वरीत शिरलेले पाठ निपटून एकनाथांनी १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे कोणी स्वतःची ओवी तीत मिसळू नये अशी ताकीदही नोंदवली. लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली, ते अनेकांच्या स्मरणातून पुन्हा उभे राहिले, आणि त्यामुळे त्याचे एकाहून अधिक पाठ झाले, ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते ह्या संपादकांना त्यांतून वाट काढावी लागली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती म्हणजे तर सामायिक लेखनच: एकेका हस्तलिखितातील पाठ तक्त्यांवर उतरवून घेणारे कितीतरी हात, आणि त्यांवर संपादकाचा निर्णय.

ओव्हरलीफचा मराठीच्या अभ्यासकाला खरा लाभ आहे तो ह्या परंपरेत, साध्या प्रबंधलेखनात तितका नाही. प्रबंध शब्दसंपादकातही निभावतो. पाठभेदांसह संपादित केलेली संहिता निभावत नाही. तेथे एकाच पानावर मूळ पाठ, त्याखाली पाठभेदांचा एक थर, त्याखाली स्पष्टीकरणांचा दुसरा, आणि प्रत्येक थराचे ओळक्रमांक हवेत. टेक्‌मध्ये हे करण्यासाठी १९९०च्या सुमारास ‘एडमॅक’ ही आज्ञावली तयार झाली. तिच्या दोन कर्त्यांपैकी डॉमिनिक वुजास्टिक हे संस्कृतचे अभ्यासक, ही गोष्ट योगायोगाची नाही. ‘रेलेडमॅक’ ह्या नावाने तिचा वारसा आज लाटेकमध्ये चालू आहे आणि ओव्हरलीफवर तो वापरता येतो.

म्हणून नवख्याने सुरुवात आपल्या प्रबंधापासून करू नये. एक छोटी लीळा घ्यावी, तिचे दोन पाठ समोर ठेवावेत, आणि सोबतीला एक सहाध्यायी. एकाने मूळ पाठ भरावा, दुसऱ्याने शब्दागणिक भेद नोंदवावेत. ‘हा कोणत्या प्रतीतील पाठ?’ ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक भेदापाशी आज्ञेच्या कंसातच लिहावे लागते, आणि ते ठाऊक नसेल तर पुन्हा पोथीकडे जावे लागते. दोन-तीनदा कळ दाबल्यावर पानाच्या तळाशी पाठभेद ओळक्रमांकासह उभे राहतात. मग पानाची रुंदी बोटभर कमी करून पाहावी: वरचा सारा गद्य परिच्छेद नव्याने तुटतो, ओळी वाढतात, आणि खालच्या टीपांतील क्रमांक कोणी न सांगता त्यांच्यामागून सरकतात.